दया, कवाड उघडंच हाय!

'सीआयडी' मालिकेतल्या दयाने आजवर जेवढी दारं तोडली, ती बहुतेक मुंबईची होती, हे आधी ध्यानात घ्या. मुंबईचं दार म्हणजे प्लायवूडची फळी, वर सनमायका आणि बिल्डरच्या आश्वासनाइतक्या पक्क्या बिजागऱ्या. धडधाकट माणसाने खांदा लावला तर ते पडायचंच. त्यात दयाचा पराक्रम कमी आणि दाराचं दुर्दैव जास्त. हाच दया अचलपूर-परतवाड्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्यापुढे उभा करून पाहा. दार मेळघाटच्या सागाचं, पणजोबांनी घडवून घेतलेलं, आतून मनगटाएवढा अडसर. एसीपी प्रद्युम्न हवेत बोटं फिरवत म्हणणार, "दया, दरवाज़ा तोड़ दो." दया चार पावलं मागे जाणार, धावत येणार, आणि दार जागचं हलणार नाही. हलेल तो दयाच्या खांद्याचा सांधा. बरं, उन्हाळा असला तर तीही वेळ यायची नाही, कारण मे महिन्यात वऱ्हाडात दार लावून बसतो कोण? दया धावत सुटेल तो ओसरी, माजघर, स्वयंपाकघर ओलांडून थेट मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या कुरड्यांवर. आणि चुलीजवळून आवाज येईल, "अवो बाप्पा, कवाड उघडंच हाय! धावत कायले येता?"

दया झालेले दयानंद शेट्टी मुळात थाळीफेकीचे खेळाडू, त्यामुळे त्यांच्या खांद्याविषयी अमरावतीकरांना आदर आहे. हे गाव खांद्यांची कदर करणारं आहे. इथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. कबड्डी झाली, मल्लखांब झाला, पण दारतोड हा क्रीडाप्रकार कुणाला सुचला नाही. सुचला असता तर आज त्याचा डिप्लोमा असता आणि दयाचं पोस्टिंग कायमचं अमरावतीला झालं असतं.

'सीआयडी' ही मालिका २१ जानेवारी १९९८ ला सोनी वाहिनीवर सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ ला थांबली, तेव्हा तिचे १५४७ भाग झाले होते. भाषा हिंदी, पण मुळं मराठी. निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंह हे मुंबई दूरदर्शनवर कॅमेरा सांभाळलेले गृहस्थ. मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासांवर त्यांनी 'एक शून्य शून्य' नावाची मराठी मालिका केली होती, आणि तिच्यातही शिवाजी साटम होतेच. बँकेत नोकरी करता करता नाटकात आलेला हा माणूस पुढे वीस वर्षं एसीपी प्रद्युम्न म्हणून देशभर ओळखला गेला. बँकेतली संशयी नजर त्यांनी पोलिसी वर्दीविना जशीच्या तशी वापरली, असं माझं मत आहे. चेकवरची सही निरखणारा माणूस प्रेताकडे ज्या नजरेने पाहील, अगदी त्याच नजरेने प्रद्युम्न पाहतात.

सुरुवातीला ही मालिका खरोखरच गुन्हेशोधाची होती. एक प्रकरण दोन-दोन आठवडे चाले. पोलिस चुकत, दमत, रिकाम्या हातांनी परतत. आमच्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भाड्याने आणून वाचलेली पिढी हयात होती. त्या पिढीने व्योमकेश बक्षी पाहिला होता, गाजर खाणारा करमचंद पाहिला होता, रमेश भाटकरांचा 'हॅलो इन्स्पेक्टर' पाहिला होता. ही मंडळी पाठ ताठ करून, चष्मा पुसून 'सीआयडी' पाहत. मध्येच कुणी बोललं तर "गप रे, धागा निसटते" म्हणून दटावत.

मग धागाच निसटला. कधी, ते नक्की सांगता येत नाही, पण का, ते सांगता येतं. दीड हजार भाग म्हणजे काही झालं तरी हजारभर मुडदे. माणसाला मारायचे प्रकार मुळात किती? विष, सुरी, दोर, गोळी आणि गच्चीवरून धक्का. काटकसरीने वापरले तरी पाच-सात वर्षांत संपतात. पुढे मग पछाडलेले वाडे आले, झपाटलेल्या बाहुल्या आल्या, जुळे भाऊ आले, रबरी मुखवटे आले. मुखवटा ओढून काढला की खाली दुसऱ्याच अंगयष्टीचा माणूस निघे आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. दुसरं कारण वेळेचं. दोन आठवड्यांचं प्रकरण एका तासात आणि जाहिराती वजा जाता चाळीस मिनिटांत बसवायचं, तर विज्ञानालाही घाई करावी लागते. मालिकेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे एका नळीतलं निळं पाणी दुसऱ्या नळीत ओतत, ते हिरवं होई आणि खुनी डावखुरा असून त्याला समुद्राची आवड आहे हे सिद्ध होई. तिसरं कारण पोरांचं. ही मालिका घरातली चिल्लीपिल्ली बघू लागली. तेव्हा रक्त कमी करा, हाणामारी आवरा, मुडदा असा ठेवा की जणू दुपारचा वामकुक्षीला आडवा झालाय. भीती गेली आणि तिच्या जागी हसू येऊन बसलं. ते कुणी बोलावलेलं नव्हतं.

वऱ्हाडात या मालिकेचं जे स्वागत झालं, ते समजायला आमची बैठकीची खोली समजली पाहिजे. आधी मे महिना घ्या. अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर, खिडकीत कूलर लावलेला, त्याच्या टाकीत नुकत्याच चार बादल्या ओतलेल्या. या कूलरचा आवाज असा की शेजारी बसलेल्या माणसाला पाणी मागायचं तर खूण करावी लागते. अशा घरात कौटुंबिक मालिका चालत नाहीत, कारण त्यात कोण कुणाला टोमणा मारून गेलं ते ऐकूच येत नाही. सीआयडीचं तसं नाही. प्रद्युम्ननी बोटं फिरवली, म्हणजे काहीतरी गडबड आहे. दयाचा जोडीदार अभिजीतने मान तिरकी केली, म्हणजे संशय आला. साळुंखेंनी हातमोजे काढले, म्हणजे विष सापडलं. दयाने हात उगारला, म्हणजे भाग संपत आला, ताटं घ्यायला हरकत नाही. आवाज बंद करून पूर्ण समजते अशी ही एकच गुन्हेमालिका जगात असावी.

दुसरी गोष्ट लाइनची. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाची होती, आणि त्याचा मोठा वाटा खेड्यांनी आणि आमच्यासारख्या भागांनी उचलला. नेमका प्रद्युम्ननी संशयितांना एका खोलीत गोळा केलं, "खूनी इसी कमरे में है" म्हणाले, की लाइन जाई. खुनी अंधारात, सीआयडी अंधारात आणि आम्हीही अंधारात. शहरी प्रेक्षकाने हळहळून पंखा हलवत बसावं, तसं आमच्याकडे होत नसे. बाजा अंगणात येत, कंदील लागत आणि तपास आम्ही हातात घेत असू. चार घरांचे मिळून पंधरा अधिकारी. "भाचा असन." "भाचा कसा असन? भाच्याले तं पहिल्याच मिंटाले दाखोला, इतक्या लवकर दाखोते थो कवाच नसते." "मंग थो डॉक्टर?" "डॉक्टर नाई, त्याचा कंपाउंडर." बहुमताने कंपाउंडरला फाशी होई आणि सगळे झोपत. दुसऱ्या दिवशी कळे की खून बायकोने केला होता. त्यावर आमच्या गल्लीचं मत असं, की सीआयडीने चुकीच्या माणसाला धरलं.

या तपासाच्या प्रमुख अर्थातच घरोघरच्या आज्या. त्यांचे ठोकताळे साधे होते. जी रडताना डोळ्याला पदर लावते पण पदर ओला होत नाही, तिच्यावर नजर ठेवायची. जो मयताच्या घरी चहाचा ट्रे आणून भिंतीला लागून उभा राहतो, त्याचं नाव लिहून ठेवायचं. आणि पाहुणा नट ओळखीचा असला तर पुढे बघायचीच गरज नाही. "एवढ्या मोठ्या मानसाले काय निस्तं मरायले बलावते का? इतके पैसे देऊन आनला तं खून करूनच घेईन ना त्याच्याकून." या एका वाक्यात मालिकेचं सगळं अर्थशास्त्र आलं. साळुंखेंच्या प्रयोगशाळेत त्याला अजून नळी सापडलेली नाही.

आता समजा, ही सीआयडी खरोखरच एखाद्या प्रकरणासाठी वऱ्हाडात आली. पहिली अडचण हुद्द्याची. एसीपी हे पद पोलिस आयुक्तालयात असतं. अमरावती शहराला आयुक्तालय आहे, तेव्हा तिथे प्रद्युम्नना खुर्ची मिळेल. अकोल्याला पोलिस अधीक्षक आहेत. तिथे त्याच वजनाचा साहेब म्हणजे डीवायएसपी किंवा एसडीपीओ. "एसडीपीओ प्रद्युम्न" हे शब्द म्हणून पाहा. बोटं फिरवायची सोडा, एवढं नाव उच्चारेपर्यंत खुनी बडनेऱ्याला गाडीत बसलेला असेल. शिवाय राज्याच्या खऱ्या गुन्हे अन्वेषण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे. म्हणजे मुंबईचे साहेब, पुण्याचं कार्यालय आणि वऱ्हाडातलं प्रेत. प्रवासभत्त्याचं बिल मंजूर होईपर्यंतच मालिकेचे शंभर भाग निघतील.

दुसरी अडचण प्रयोगशाळेची. अमरावतीला प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. आसपासच्या जिल्ह्यांतले नमुने तिथे जातात. पण खऱ्या प्रयोगशाळेत खोकी क्रमाने उघडतात, साहेब कोट उडवत आत आले म्हणून कुणाचा नंबर आधी लागत नाही. आमच्या पेपरात "व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे" हे वाक्य येतं, ते वाचून जाणता वाचक पान उलटतो. त्याला ठाऊक असतं, की आता यापुढची बातमी पुढच्या हंगामात. साळुंखेंचा अहवाल मात्र मुडदा गार व्हायच्या आत तयार, आणि वरून प्रद्युम्नशी पाच मिनिटं भांडायलाही वेळ शिल्लक.

तिसरी अडचण पंचांची. सीआयडीच्या दीड हजार भागांत वस्तू जप्त होतात, पण दोन पंच बसून पंचनाम्यावर सही करताहेत, हे दृश्य डोळ्यांत तेल घालूनही दिसत नाही. वऱ्हाडात तर ते दिसणं आणखी अवघड. घटनास्थळी मत द्यायला पन्नास माणसं. "सुरा इकून घुसला." "इकून नाई, तिकून." "मी सांगतो नं, वळ पाहा." हवालदाराने कागद काढून "चला, दोघं जण पंच व्हा" म्हटलं, की पन्नासांपैकी अर्ध्यांना वावरात मोटार चालू राहिल्याचं आठवतं आणि उरलेल्यांना चष्म्याशिवाय दिसेनासं होतं.

खरी कसोटी मात्र चौकशीची. मुंबईचा संशयित मालिकेत फार सोयीचा असतो. त्याला विचारलं, "कल रात दस बजे कहाँ थे?" की तो घाम पुसतो, आणि आपण समजतो. वऱ्हाडी माणसाला हाच प्रश्न विचारून पाहा. मोर्शीकडचा कास्तकार आहे, अभिजीत समोर उभा आहे, आणि संभाषण असं चालणार:

"काल रात्री दहा वाजता तुम्ही कुठे होता?"

"कोन, मी? काल ना? बसा ना साहेब, उभे काऊन? अवो, साहेबाले पानी आना."

"पाणी नको. कुठे होता?"

"काल दहाले लाइन गेलती. लाइन गेल्यावर मी ओट्यावर येऊन बसलो. मंग आमचे याही आले, वरूडचे. त्यायच्या संत्र्याले यंदा भाव नाई साहेब, तुमाले मालूमच असन."

"तुम्ही मयताला ओळखत होता?"

"ओयखत काऊन नाई? त्याच्या वावराले आमचा धुरा लागते."

"म्हणजे तुमचं भांडण होतं!" अभिजीतची मान तिरकी होते.

"भांडन नाई साहेब. निस्तं बोलनं बंद होतं. ईस साल झाले."

"मग खून कुणी केला?"

"थे सारं गाव जानते. मी एकलाच काऊन सांगू?"

इथे दयाने हात उगारायचा असतो. पण तोवर चहा आलेला असतो, पाठोपाठ आलूबोंडे, आणि घरातली म्हातारी दयाच्या डोक्यावरून हात फिरवून "लेकरू दमलं बाप्पा, लय तोडतोड करते" असं म्हणत असते. अशा लेकराने थापड मारायची कुणाला? सात घरी चौकशी म्हणजे सात चहा. आठव्या घरी अभिजीत प्रश्न विचारायच्या आधी संडास कुठे आहे ते विचारेल.

आणि समजा मारलीच थापड, दिलाच कबुलीजबाब, तरी उपयोग काय? पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं २५ वं कलम हेच सांगत होतं आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३ वं कलमही हेच सांगतं. अकोल्याच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा. पंच नाहीत, जप्ती नाही, कबुली थापडेने घेतलेली, अहवाल निळ्या पाण्याचा. पहिल्याच तारखेला आरोपी बाहेर. म्हणजे शेवटी प्रद्युम्न दात-ओठ खात "तुझे तो फाँसी होगी" म्हणतात, तेव्हा ती शिक्षा नसते, शुभेच्छा असते. त्यांनी पकडलेले हजारभर खुनी आज आपापल्या घरी सुखाने सीआयडीचे जुने भाग बघत असतील.

थापडेविना कबुली घेणारा माणूस वऱ्हाडाने पाहिलेला आहे, हेही इथेच सांगायला हवं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा. त्यांचं कीर्तन म्हणजे हजारोंच्या जमावाची भर चौकात उलटतपासणी. ते आमच्याच बोलीत प्रश्न विचारत आणि समोरचा जमाव एका सुरात उत्तर देई. कर्ज काढून लग्न कोण करतं, नवसाला बोकड कोण कापतं, दारू कोण पितं, हे लोक हसत हसत स्वतःच्या तोंडाने कबूल करत आणि कबूल करून झाल्यावर एकमेकांकडे बघत. हातात खराटा होता, पण तो जागा झाडायला. अभिजीतने बदली घेऊन आधी अशा दोन कीर्तनांची वर्णनं वाचावीत आणि मग मोर्शीला यावं.

विक्रमांच्या बाबतीत मात्र सीआयडी आणि वऱ्हाड तोडीस तोड आहेत. २००४ साली सीआयडीने १११ मिनिटांचा एक भाग मध्ये एकदाही कॅमेरा न थांबवता चित्रित केला आणि गिनीज बुकात नाव नेलं. आमचं नाव जून २०२२ मध्ये गेलं. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती ते अकोल्यादरम्यान, लोणीपासून मान्यापर्यंत, ७५ किलोमीटरची डांबरी काँक्रीटची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत टाकली. ३ जूनला सकाळी काम सुरू केलं, ७ जूनला संध्याकाळी संपवलं. ७२० माणसं रात्रंदिवस राबत होती, आणि कतारचा आधीचा विक्रम मोडला.

सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या. वऱ्हाडी माणसानेही वाजवल्या, पण वाजवता वाजवता विचारलं, "पाच दिसात होते, तं मंग इतके साल काय चालू होतं?" कारण या रस्त्याचं चौपदरीकरण आधी वर्षानुवर्षं रखडलेलं होतं. मूर्तिजापूरपर्यंत जायचं तर बाळंतिणीने आणि अंडी नेणाऱ्याने दोनदा विचार करावा अशी त्याची ख्याती होती. पण सीआयडी बघणाऱ्याला याचं नवल वाटायचं कारण नाही. पस्तीस मिनिटं सगळे इकडून तिकडे गाड्या पळवतात, फायली उघडतात, एकमेकांकडे बघून "ओह माय गॉड" म्हणतात आणि एक इंचही पुढे सरकत नाहीत. शेवटच्या पाच मिनिटांत कुठून तरी सगळं साहित्य, सगळी माणसं आणि सगळी इच्छाशक्ती एकदम गोळा होते आणि प्रकरण गुळगुळीत होऊन जातं. आपल्याकडच्या विकासाचं इतकं अचूक चित्रण दुसऱ्या कुठल्या मालिकेने केलेलं मला माहीत नाही.

हे सगळं हास्यास्पद असूनही वऱ्हाडाने सीआयडीला कधी टाकून दिलं नाही. टिंगल केली, पण चॅनल बदललं नाही. याचं कारण आमच्या पानठेल्यांवर सापडतं. वऱ्हाडी माणूस थाप मारतो तेव्हा हसत नाही. अकोल्याच्या पानठेल्यावर मे महिन्यात ऐकायला मिळणारी गोष्ट अशी असते: "गांधी चौकातून सात अंडे घेतले. जठारपेठेत घरी पोचेलोक पिल्लं निंगाले." सांगणाऱ्याचा चेहरा तहसीलदारापुढे जबानी देतानाचा. ऐकणाऱ्यानेही हसायचं नसतं. त्याने चुना मळत विचारायचं, "किती निंगाले?"

"सहा."

"अन् सातवं?"

"थे अंडं खराब होतं."

"मंग दुकानदाराले वापस नाई केलं?"

या सातव्या अंड्यात वऱ्हाडी विनोदाचा जीव आहे. सहा पिल्लं ही थाप झाली. सातवं अंडं खराब निघणं ही सचोटी झाली. आणि ते परत केलं का, अशी चौकशी करणं हा ऐकणाऱ्याचा धर्म. दोघांपैकी एकाच्याही ओठाचा कोपरा हलला तर गोष्ट तिथेच मेली. सीआयडीने हे पथ्य वीस वर्षं पाळलं. साळुंखेंनी निळ्या पाण्यावरून खुन्याची आवड सांगितली, की प्रद्युम्न हसत नाहीत. ते गंभीरपणे विचारतात, "यानी कि ख़ून समंदर के पास हुआ है?" हा सरळ सरळ सातव्या अंड्याचा प्रश्न आहे. साटम, अभिजीत झालेले आदित्य श्रीवास्तव, शेट्टी, साळुंखे झालेले नरेंद्र गुप्ता, यांतल्या एकानेही कधी प्रेक्षकाला डोळा मारला नाही. ज्या दिवशी मारला असता त्या दिवशी मालिका फुटकळ विनोदी कार्यक्रम झाली असती आणि तेरा भागांत गुंडाळली गेली असती.

याचा उलटा पुरावा म्हणजे फ्रेडी. दिनेश फडणीसांचा इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स हे या मालिकेतलं अधिकृत विनोदी पात्र. त्याने भुताला घाबरायचं, बायकोला घाबरायचं, वेंधळेपणा करायचा आणि साहेबांची बोलणी खायची. पण गंमत अशी, की फ्रेडी आला की आपण जरा सावरून बसत असू. त्याची भीती खरी वाटायची. पछाडलेल्या वाड्यात घाबरणारा तो एकटाच शहाणा माणूस होता. बाकीचे निर्भयपणे बाहुलीची उलटतपासणी घेत होते. हसू यायचं ते त्यांचं. डिसेंबर २०२३ मध्ये फडणीस गेले, आणि वर्षभराने, २१ डिसेंबर २०२४ ला, मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा फ्रेडीची उणीव पहिल्याच आठवड्यात जाणवली. घाबरायला कुणी उरलेलं नव्हतं.

नव्या सीआयडीने थोडा गंभीर व्हायचा प्रयत्न केला. दिवे मंद केले, संगीत जड केलं, दया-अभिजीतला एकमेकांविरुद्ध उभं केलं. आणि एप्रिल २०२५ मध्ये तर कहर केला. एसीपी प्रद्युम्न यांना बाँबस्फोटात मारलं. वाहिनीने रीतसर श्रद्धांजली वाहिली, त्यांच्या जागी तरणाबांड नवा एसीपी आणून बसवला. महाराष्ट्रभर हळहळ झाली. वऱ्हाडात मात्र पानठेल्यावर याची वेगळीच छाननी झाली.

"बुढा मेला म्हन्ते."

"तेरवीचं जेवन झालं का?"

"नाई दाखोलं."

"मंग मेला नाई."

काही आठवड्यांनी प्रद्युम्न परत आले. पानठेल्यावर कुणी आनंद व्यक्त केला नाही, आश्चर्य तर नाहीच. पुराव्याअभावी मृत्यू मानता येत नाही हे तत्त्व ज्यांनी त्याच मालिकेतून वीस वर्षं गिरवलं, त्यांना चकवायला दुसरा बाँब लागेल.

हल्ली पोरं अख्खा भाग बघत नाहीत. अमरावतीच्या कॉलेजांतली मुलं राजकमल चौकात उभी राहून मोबाइलवर तीस-तीस सेकंदांचे तुकडे बघतात आणि पोट धरून हसतात. त्यांना वाटतं, ही मालिका मुळात विनोदीच होती. त्यांना दोष देता येत नाही, पण त्यांना अर्धंच सुख मिळतं. तुकड्यात थाप असते, सातवं अंडं नसतं. त्यासाठी अख्खा तास समोर बसावं लागतं, कूलरमध्ये पाणी ओतून, ताट मांडीवर घेऊन, आणि चेहरा सरळ ठेवून.

आमच्या शेजारच्या काकू तशा अजून बसतात. त्यांचा इंजिनियर जावई पुण्याहून आला होता. त्याने दोन भाग सोसले आणि तिसऱ्याला न राहवून म्हणाला, "मामी, खुनी तर पहिल्या पाच मिनिटांत कळतो. मग पुढचा तासभर तुम्ही बघता काय?"

काकूंनी पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिलं, "खुनी कोन थे आमाले मालूमच हाय, जवाईबापू. त्यायले कवा समजते, थे पाहाचं रायते."